उजव्या बाजूची सीट

भाऊ,

परवा तुझी तेरवी झाली. आलेली माणसं तुझ्या फोटोला हात जोडून वहिनीजवळ थोडा वेळ बसली, आणि मग एकेक जण माझ्याजवळ येऊन पोर्चकडे मान करून हळूच विचारून गेला, "गाडीचं काय करणार?" सिलतऱ्याच्या प्लांटमधले तुझे जुने सोबती, समता कॉलोनीतले शेजारी, वहिनीच्या माहेरचे, सगळे. एक गृहस्थ तर पानावरून उठले ते हात न धुताच पोर्चमध्ये गेले, आणि उष्टा हात मागे धरून दुसऱ्या हाताने बॉनेटवर थाप मारून आले.  इतके दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला चहा करून माझे पाय भरून आले होते, आणि लोकांना तुझ्यापेक्षा तुझ्या गाडीची काळजी.

खरं म्हणजे मलाही तुला एकच गोष्ट विचारायची आहे आणि तीही गाडीवरूनच. तू माझ्यावर रागावून गेलास का? आपलं भांडण झाल्यावरही दीडेक वर्ष आपण एकाच घरात राहिलो, तू खाली आणि मी वर. भाजी काय आणायची इथपासून तुझ्या पिंटूच्या लग्नापर्यंत सगळं बोललो. ते एक भांडण मात्र तसंच ठेवलं. मला वाटायचं, बोलू कधीतरी, घाई काय आहे. तू दुपारी जेवून दिवाणावर पडलास आणि उठलाच नाहीस.

आता हे कोणाशी बोलायचं, सांग.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि जो तो प्लॉट घ्यायच्या मागे लागला होता, तेव्हा तू महासमुंदकडच्या एका जुन्या जमीनदाराच्या गोठ्यातून अमेरिकन गाडी उचलून आणलीस. म्हाताऱ्याने तरुणपणी दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीतल्या साहेबाकडून घेतलेली. तो गेल्यावर तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. ट्रकवरून उतरवली तेव्हा तिची चारही चाकं बसलेली होती. दोनच दरवाजे, आठ सिलिंडर, आणि बॉनेट एवढं लांब की गाडीचं तोंड शेजाऱ्याच्या फाटकाशी पोचलं तरी बूड आपल्याच पोर्चमध्ये असायचं. वहिनीने पदर नाकाला लावून विचारलं होतं, "हे चालते का?" तू म्हणालास, "चालन न. न चालायले काय झालं?" पुढचे सगळे रविवार तू तिच्या खाली पाठीवर पडून काढलेस. काही पार्ट वहिनीच्या मावसबहिणीच्या मुलाने अमेरिकेहून कपड्यांत गुंडाळून आणले, काही तू सिलतऱ्याला लेथवर बनवून घेतलेस. ती पहिल्यांदा चालू झाली तेव्हा सगळ्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली आणि समोरच्या सेठजींनी घाबरून शटर ओढून घेतलं.

त्याच सुमाराला मी अकोल्याचा संसार संपवून दोन बॅगा घेऊन तुझ्याकडे परत आले होते. घरातले सगळे माझ्याशी फार गोड बोलायचे, आणि मी स्वयंपाकघरात गेले की गप्प व्हायचे. तू काहीच विचारलं नाहीस. एका शनिवारी जिन्याखाली उभा राहून ओरडलास, "बेबी, उद्या सकाळी तयार राहजो. स्टेअरिंग डावीकडं हाये, मले समोरच्या गाडीच्या पलीकडचं दिसत नाही. तू उजवीकडं बसजो, पाहजो आन सांगजो." वहिनी एकदा बसली होती, पण पेट्रोलच्या वासाने तेलीबांध्याला पोचेपर्यंत तिला उलटी झाली, म्हणून ती सीट रिकामी होती. त्या वर्षी जो तो मला आराम कर म्हणायचा. माझ्यावाचून अडलेला असा तू एकटाच भेटलास. हे मी तुला कधी म्हटलं नाही, भाऊ. त्या सीटवर बसवून तू मला माणसांत आणलंस.

आपले सगळे रस्ते उजव्या स्टेअरिंगचे, आणि तू फुटपाथच्या बाजूला बसलेला. पुढे ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय ते फक्त मला दिसायचं. मी मान बाहेर काढून पाहायचे आणि सांगायचे. रस्ता मोकळा असला की "निंग." नसला की "थांब." तिसरा शब्द बोलायचा नाही असा तुझा नियम होता. सुरुवातीला एकदा मी "निंग, नाही नाही, थांब, बरं निंग" असं केलं, तर तू गाडी कडेला घेऊन मला शाळेतल्या पोरीसारखं झापलंस. "अर्ध्या मनानं सांगायचं नाही, बेबी. तू निंग म्हटलं की मी डोळे मिटून निंगतो."

मला वाटायचं, एवढा विश्वास तर माझ्यावर माझ्या नवऱ्यानेही टाकला नव्हता.

गंमत म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना वाटायचं, गाडी मीच चालवते. चौकात हवालदार यायचा तो माझ्या खिडकीशी. "मॅडम, लाइसेंस दिखाइए." मी म्हणायचे, "भैया, मेरे पास तो सब्जी का थैला है." तो आत वाकून स्टेअरिंग शोधायचा, आणि पलीकडे बसलेला तू त्याला सलाम ठोकायचास. टोलनाक्यावर सुटे पैसे मी द्यायचे, पावती मी घ्यायचे. वहिनीच्या बहिणीने तर सगळ्या अमरावतीत सांगून ठेवलं होतं की रायपूरची बेबी मोटार हाकते.

त्या सवयीने माझी शोभा किती झाली ते तुला माहीत आहे. पुढे मला नोकरी लागली, आमचं ऑफिस शहराबाहेरच्या नव्या रायपूरला गेलं आणि मी स्टाफ बसने जायला लागले, तेव्हा पुढच्या सीटवर बसून, समोरचा टँकर पाहून, मी सगळ्या बससमोर मोठ्याने ओरडले, "निंग!" ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गुमान म्हणाला, "हव दीदी, निकलत हंव." रिटायर होईपर्यंत त्या बसमध्ये मला कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही.

गाडी मला आवडायची असं कोणी समजू नये. तिच्यात बसून आलं की दुसऱ्या दिवसापर्यंत केसांना पेट्रोलचा वास यायचा. पळायला ती शूर होती, थांबायला कचरायची, तू ब्रेकवर अख्खा उभा राहायचास. एकेका स्पीड ब्रेकरवरून आपण तिरके, खेकड्यासारखे जायचो, तरी सायलेन्सर खाली घासायचाच. मॉलच्या तळघरात एकदा नेलीस तर ती उतारावर अशी अडकली की मागे हॉर्नचा गोंधळ, आणि तू शांतपणे मला म्हणतोस, "उतरून पाय बरं, टेकलं कुठं." आणि तो मंत्र्यांचा ताफा! राजधानी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा कोणी ना कोणी जायचं आणि आपल्याला चौकात अडवून ठेवायचं. इंजिन तापलं की काटा वर चढायचा आणि तू हीटर लावायचास, म्हणजे इंजिनची उष्णता आत आपल्या अंगावर येऊन त्याला जरा उतार पडेल. मे महिन्याच्या रायपुरात काचा खाली करून हीटर लावून बसलेली माणसं अख्ख्या शहरात आपण दोघंच असू. मी घामाने भिजून तुला शिव्या द्यायचे. तू म्हणायचास, "तिले बरं वाटून राहिलं पाय." तिला! माझं काय?

पण रविवारी सकाळी तेलीबांध्याचा तलाव मागे पडला आणि नव्या रायपूरचा तो रुंद, रिकामा रस्ता सुरू झाला की तू बोलायचा बंद व्हायचास. तिथे माझ्या निंग-थांबचं काही काम नसायचं. तू पाय दाबायचास आणि पाठ सीटला चिकटायची. दोन्ही बाजूंना नुसती माळरानं, अर्धवट बांधलेल्या इमारती, कुठे एखादी गाय. परतताना टपरीवर चहा, आणि तू प्लांटमधल्या साहेबांची नक्कल करायचास. अकोल्याहून आल्यावर पहिल्यांदा मी हसले ती तिथेच. मी तेव्हा लगेच तोंड दाबलं होतं, आणि तू मुद्दाम दुसरीकडे पाहिलंस, हे मला कळलं होतं.

मग शहर भरत गेलं. ई-रिक्षा आल्या, त्या कुठूनही घुसतात. उड्डाणपूल आले, कॉलोनीच्या नाक्यावर हॉस्पिटल आणि दोन कोचिंग क्लास आले. पिंटूने दिवाळीला एक कॅमेरा आणला होता, पुढे उजवीकडे लावायचा आणि आत छोट्या पडद्यावर पाहायचं. तू डब्यातून काढलाही नाहीस. त्याला म्हणालास, "आत्याले कायले घरी बसवतो रे?" मी तेव्हा मनातून फुलले होते. थकत चालले होते, कंबर धरायची, पण फुलले होते.

मला पहिली शंका आली ती तू मला भलत्या बाजूचं विचारायला लागलास तेव्हा. सिग्नलवरून वळताना तू म्हणालास, "डावीकडं कोणी नाही न?" डावीकडे तू बसलेला, भाऊ. तुझ्या कोपराशी एक सायकलवाला होता, त्याचं हँडल दाराला लागत होतं, आणि तू ते मला विचारत होतास.  पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तू डिव्हायडरला चाक घासलंस आणि नगर निगमला शिव्या दिल्यास.

मीच मागे लागून तुला आपल्या कॉलोनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. तू घरी येऊन चपला काढता काढता, पाहुण्याची बातमी सांगावी तसं सांगितलंस, "बाजूचं कमी दिसते म्हणते डॉक्टर. मी म्हटलं, बाजूले बहीण हाये मायी." वहिनी हसली. मला हसू आलं नाही.

"मी नाही बसत आता," मी म्हटलं.

"काहून?"

"तुले दिसत नाही म्हणून."

"समोरचं दिसते न मले."

"माणसं काय फक्त समोरूनच येतात का रे? एखादं पोट्टं बाजूनं आलं तर?"

"तू सांगशील न."

"सगळंच मी सांगायचं, तर मग चालवून कोण राहिलं?"

 यावर तू जे बोललास ते मी आजपर्यंत धरून बसले आहे. "इतकी वर्षं तुले मी बसवलं, आन आता तू मले उतरवून राहिली." मी तशीच वर निघून आले. मी नाही बसले तर गाडी बंद होईल, एवढाच माझा हिशेब होता. दुसरा काही उपाय तुझ्यावर चाललाच नसता. तुझ्याच बहिणीला ते माहीत नसेल तर कोणाला?

त्या रविवारी तू एकटा निघालास. मी बाल्कनीतून पाहत होते. गल्लीच्या तोंडाशी सेठजींच्या भिंतीचा कोपरा आहे, त्यामुळे मला फक्त गाडीचं मागचं अर्धं अंग दिसत होतं. ती तिथे थांबली. किती तरी वेळ थांबली. मग थोडी पुढे सरकली, एकदम हिसका बसला, कोणाचा तरी मोठा हॉर्न वाजला, आणि मग तू ती सगळी गल्ली उलटी, हळूहळू मागे घेत घरी आणलीस. उतरलास, दार धाडकन लावलंस आणि वर न पाहता आत गेलास. मला वाटलं, घ्या, हा आता जन्मभर बोलायचा नाही.

त्यानंतर तू ती रस्त्यावर काढली नाहीस. दर रविवारी सकाळी मात्र पोर्चमध्येच चालू करून आत बसायचास. माझ्या खोलीच्या बरोबर खाली. फळीवरचे कप किणकिणायचे. मी वर बसून चहा प्यायचे आणि मनात म्हणायचे, ऐकव, अजून ऐकव. मला वाटायचं, तू मला टोचतो आहेस. आवाज बंद झाला की मी खाली उतरायचे, आणि आपण बाकीचं सगळं बोलायचो. वहिनी पोहे करायची, तू मिरच्या बाजूला काढून माझ्या बशीत टाकायचास, आणि गाडीचं नाव कोणी काढायचं नाही. दोन उन्हाळे तसेच गेले.

तेरवी आटोपल्यावर पिंटू म्हणाला, "आत्या, इंदौर वाले अंकल तैयार हैं. मम्मी भी बोल रही है, दे दो. आपको तो दिक्कत नहीं है ना?" मला काय दिक्कत असणार? वहिनीला तो आवाज आता नको होता, पिंटूची सुट्टी संपत होती, आणि तो माणूस तू असतानाही दर वर्षी विचारून जात होता. त्याने तुझ्यासारखंच आधी बॉनेट उघडून कान लावला. मग मला म्हणाला, "आंटीजी, राइट साइड में कैमरा लगवा देंगे, टेंशन नहीं." मी मान डोलावली. मला आता कशाचंच टेंशन घ्यायची ताकद नाही.

काल सकाळी तिला लांब ट्रेलरवर चढवून नेलं. गल्लीतले लोक मोबाइल काढून उभे होते. मी खाली आले नाही, बाल्कनीतूनच पाहिलं. पोर्च एकदम एवढं मोठं वाटायला लागलं की वहिनी म्हणाली, इथं आता कुंड्या ठेवू.

दुपारी आम्ही दोघी तेरवीची भांडी पुसून परत द्यायला काढत होतो. मी सहज, म्हणजे वरून सहज, म्हटलं, "वहिनी, भाऊ रागातच गेला माझ्यावर."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कायचा राग, ताई?"

"मी बसायचं बंद केलं त्याचा."

"राग नव्हता त्यायले." ती माझ्याकडे पाहतच राहिली. "त्या दिवशी एकटे गेले न, तं घरात आले ते भुईवरच बसले. पाणी देलं तं गिलास पकडता येत नव्हता. म्हणे ट्रक आला उजवीकडून, मले दिसलाच नाही, हॉर्न वाजला तवा समजलं. एवढ्यावरून गेला," आणि तिने वीतभर हात दाखवला. "आन म्हणे, बरं झालं बेबी नव्हती गाडीत. तिच्याच बाजूनं आला असता. असं म्हणत किती वेळ बसले होते मायाजवळ."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्यायले, सांगा ताईले. तं म्हणे, कोणत्या तोंडानं सांगू? बेबीच बरोबर होती. दर रविवारी ते गाडीत जाऊन बसत, तं मले वाटे, आज बोलावतीन तुमाले, उद्या बोलावतीन."

वहिनी पुन्हा भांडी पुसायला लागली. मी पण पुसत राहिले. पुसलेलंच पातेलं मी परत परत पुसत होते, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

भाऊ, तू रागावला असतास तर ते मी निभावलं असतं. तुझा राग मला लहानपणापासून पाठ आहे, दोन दिवस फुगतोस आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी खायला आणतोस. पण तू घाबरलेला होतास. दर रविवारी माझ्याच पायाखाली घाबरून, लाजून बसलेला होतास, आणि मी वर कपांची किणकिण ऐकत तुझ्यावर चिडत होते. मी बरोबर होते, हे तुझ्या तोंडून ऐकायची मला काही हौस नव्हती रे. तो दिवस परत आला तरी मी नाहीच म्हणेन. पण तू एक हाक मारायची होतीस. मी आले असते. चावी काढून माझ्या ओच्यात टाकली असती, आणि बंद गाडीत, पोर्चमध्येच, तुझ्या शेजारी बसले असते.